चकलीपेक्षा पावती महाग

चेन्नईहून बेंगळुरूच्या रस्त्याला लागलं की श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै लागतं. पुण्याहून आलेले पाहुणे पाटीवरचं नाव पुरतं वाचेपर्यंत गाडी फाटा ओलांडून पुढे गेलेली असते. गाव म्हणून बघण्यासारखं फारसं काही नाही. आहे ती सिपकॉटची वसाहत, म्हणजे आपल्या एमआयडीसीची तमिळ बहीण. १९९८ साली ह्युंदाईची सँट्रो इथून बाहेर पडली, तिच्या मागोमाग सुटे भाग बनवणारे आले आणि त्यांच्या मागोमाग चाकण-भोसरीत हात काळे केलेली आमच्यासारखी माणसं. वसाहतीत पादत्राणांच्या कारखान्यांसाठी वेगळा भाग राखलेला आहे. जवळच मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक आहे, त्यामुळे रविवारी सकाळी झोप होत नाही.

फाट्यावरच्या टपरीत चहा घेत उभं राहिलं की कंटेनरची रांग दिसते. गाड्यांचे भाग, बूट, चपला. यातलं बरंच युरोपला जातं. माल बंदरावर पोचायच्या आत त्याची कागदपत्रं संगणकावरून पुढे गेलेली असतात. कुठल्या मालावर किती टक्के शुल्क, ते कोण भरणार, विमा कुणाचा, हे सगळं महिनोन्‌महिने आधी ठरलेलं असतं. मागच्या दिवाळीत याच रस्त्यावरून माझंही एक खोकं युरोपला गेलं, आणि त्याची जी फरफट झाली तिच्यामुळे हा सगळा विषय मुळापासून बघायची वेळ आली.

खोक्यात फराळ होता. भाची जर्मनीत असते. चकली, चिवडा, शंकरपाळे, अनारसे, शिवाय दोन निरांजनं. माल सगळा मिळून ४,८०० रुपयांचा. इथल्या एका कुरिअर एजंटाकडे नेलं. त्याने काट्यावर ठेवलं, वजन साडेचार किलो. मग खिशातून टेप काढली आणि खोक्याची लांबी, रुंदी, उंची मोजली: ४० बाय ३० बाय ३० सेंटिमीटर. गुणाकार ३६,०००, त्याला भागिले ५,०००. "सार, सेवन पॉइंट टू." म्हणजे माझा साडेचार किलोचा फराळ कागदोपत्री ७.२ किलोचा झाला. विमानात वजनाइतकीच जागेलाही किंमत असते, म्हणून कुरिअरवाले खरं वजन आणि आकाराचं वजन यांतलं जे जास्त ते धरतात. चिवडा हा पदार्थ मुळात निम्मा हवाच असतो, आणि त्या हवेचं विमानभाडं मी भरलं. बिल सात हजारांच्या घरात गेलं.

आठवड्याने भाचीचा फोन. "मामा, खोकं आलं, पण दारात पैसे द्यावे लागले. चकलीपेक्षा पावती महाग आहे." तिने पावतीचा फोटो पाठवला. त्यावर तीन आकडे होते. कर आठेक युरो, त्याच्या जवळजवळ दुप्पट कुरिअर कंपनीचं 'तुमच्या वतीने कर भरल्याबद्दल' शुल्क, आणि त्या शुल्कावर पुन्हा कर. हे वाचून मी एजंटाने दिलेली कागदपत्रं काढली. त्याने पाठवणारा म्हणून माझं नाव घातलंच नव्हतं. स्वतःच्या फर्मचं नाव टाकून सरळ व्यापारी इन्व्हॉइस फाडलं होतं. युरोपच्या कस्टम्सच्या दृष्टीने तो मामाने भाचीला पाठवलेला खाऊ नव्हताच. चेन्नईच्या एका फर्मने जर्मनीतल्या ग्राहकाला केलेली विक्री होती ती.

आपल्याकडे या सगळ्याला मिळून 'कस्टम लागलं' म्हणतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. तीन वेगळी माणसं तीन वेगळ्या कारणांनी पैसे मागत असतात: नेणारा भाडं घेतो, सरकार कर घेतं, आणि त्या दोघांच्या मध्ये उभा असलेला हाताळणावळ घेतो. सर्वात जास्त ओरड कराविरुद्ध होते. हिशेब मांडला तर छोट्या पुडक्याच्या बाबतीत कर बहुतेक वेळा या तिघांत धाकटा निघतो.

आधी भाडं. टपरीसमोरून जाणाऱ्या कंटेनरचा ढोबळ हिशेब करू. समजा चाळीस फुटी कंटेनरात पाच हजार जोड बूट बसले आणि चेन्नईहून रॉटरडॅमपर्यंत तीन हजार डॉलर भाडं पडलं, तर जोडामागे साठ सेंट, म्हणजे पन्नासेक रुपये. उद्या भाडं दुप्पट झालं तरी जोडामागे शंभर. अशी दुप्पट-तिप्पट व्हायला कारणं लागतातच असं नाही, पण अलीकडे एक मोठं कारण मिळालं. ते समजायला जरा मागे जायला हवं. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी युरोपातून पुस्तकं आणि उपकरणं मागवत. त्यांनी जमवलेली युरोपीय पुस्तकं सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. त्या वेळी युरोपचं पुडकं आफ्रिकेला खालून वळसा घालून चोलमंडलाच्या किनाऱ्याला लागायचं. २०२३ च्या अखेरीस हूथी बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि कंटेनरची मोठमोठी जहाजं सुवेझ सोडून त्याच सरफोजींच्या वळशाला लागली. प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला, भाडी वर गेली. तरीही जोडामागचा आकडा दोन आकड्यांतून तीन आकड्यांत गेला, इतकंच. सुटं खोकं पाठवणाऱ्याला एका किलोला जे भाडं पडतं, त्यात कंटेनरवाला पंधरा-वीस जोड पोचवतो.

पोस्टाचं गणित कुरिअरहून निराळं आहे आणि जास्त मजेदार. इथल्या पोस्टमनने घेतलेलं पाकीट बर्लिनचा पोस्टमन दारात नेऊन देतो, तर त्या दुसऱ्या पोस्टमनला पैसे कोण देतं? १८७४ साली बर्नमध्ये जागतिक टपाल संघटना उभी राहिली, १८७६ साली भारत तिच्यात गेला. तुमची पत्रं आम्ही वाटू, आमची तुम्ही वाटा, हा तिचा मूळ सौदा. पत्रं होती तोवर ठीक होतं. पुढे, जाणारं आणि येणारं टपाल सारखं नसतं हे ध्यानात आल्यावर एका देशाच्या टपालखात्याने दुसऱ्याला वाटपापोटी ठराविक रक्कम द्यायची पद्धत आली. गरीब देशांना हा दर कमी ठेवला होता. त्या सवलतीत चीनही बसत होता. मग ऑनलाइन बाजार आला आणि दोन किलोंच्या आतली छोटी पुडकी चीनमधून अशा दराने जाऊ लागली की बर्लिनमधल्या दुकानदाराला गावातल्या गावात माल पोचवायला त्याहून जास्त खर्च यावा. अमेरिकेने संघटना सोडायची धमकी दिली. सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हाला खास अधिवेशन भरलं आणि छोट्या पुडक्यांचे दर देशांनी टप्प्याटप्प्याने स्वतः ठरवावेत असं ठरलं. भांडण अमेरिकेचं आणि चीनचं. पण दर ठरले ते सगळ्यांसाठी. या विषयात हे पुन्हा पुन्हा दिसतं. पूर एकीकडून येतो, बांध घातला जातो, आणि बांधाच्या या बाजूला आपलं पुडकं अडकून बसतं.

आता कर. युरोपीय संघात पूर्वी २२ युरोंपर्यंतच्या मालावर व्हॅट माफ होता. १ जुलै २०२१ पासून ती माफी गेली. आता एका युरोच्या मालालाही व्हॅट लागतो आणि त्याचा दर त्या त्या देशाचा: लक्झेंबर्गमध्ये १७ टक्के, जर्मनीत १९, हंगेरीत २७. खाण्याच्या वस्तूंना बऱ्याच देशांत कमी, जर्मनीत ७. हा व्हॅट नुसत्या मालावर नसतो. माल, त्यावरचं सीमाशुल्क असलं तर ते, आणि घरापर्यंतचं भाडं, या सगळ्या बेरजेवर तो बसतो. भाचीला आठ युरो का लागले ते असं कळतं: फराळ ४,८०० चा, भाडं सात हजार, आणि ७ टक्के त्या बेरजेवर. चिवड्यातल्या हवेवर आधी मी भाडं दिलं, मग त्या भाड्यावर भाचीने कर दिला.

व्हॅट वेगळा आणि सीमाशुल्क वेगळं. सीमाशुल्क १५० युरोंच्या आतल्या मालाला माफ होतं. ही माफी म्हणजे औदार्य नव्हतं, व्यवहार होता: दोन युरो वसूल करायला पाच युरोंचा कारकून बसवायचा कशाला? पण २०२४ साली युरोपीय संघात अशी कमी किमतीची ४६० कोटी पुडकी आली, रोजची १ कोटी २० लाखांच्या आसपास, आदल्या वर्षीच्या दुप्पट. त्यातली ९१ टक्के चीनमधून. शिवाय मोठ्या संख्येने पुडक्यांवर किंमत मुद्दाम कमी लिहिलेली असते, असा तिथल्या आयोगाचा अंदाज. मग १३ नोव्हेंबर २०२५ रोजी सदस्य देशांच्या अर्थमंत्र्यांनी ही दीडशेची माफी काढून टाकायचं ठरवलं, आणि महिनाभरात, १२ डिसेंबरला, नवी यंत्रणा उभी राहीपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून १ जुलै २०२६ पासून तीन युरोंचं ठोक शुल्क मान्य केलं. ते पुडक्यामागे नसून आतल्या मालाच्या जातीमागे आहे. एका पाकिटात दोन पितळी निरांजनं आणि एक सुती उपरणं असेल तर नग तीन, जाती दोन, शुल्क सहा युरो. युरोपबाहेरच्या ज्या विक्रेत्यांनी आयओएसएस या व्यवस्थेत नाव नोंदवलेलं आहे, म्हणजे जे ग्राहकाकडून व्हॅट आधीच कापून घेतात, त्यांच्या मालाला ते लागतं. ऑनलाइन विक्रीतला ९३ टक्के माल त्यात येतो असं संघाचंच म्हणणं आहे.

ठोक शुल्काचा स्वभाव समजून घ्यायला कोल्हापुरी चप्पल बरी. इरुंगाट्टुकोट्टैच्या दारातून जाणारा हा महामार्ग क्रमांक ४८ बेंगळुरू, बेळगाव, कोल्हापूर, पुणे, मुंबई करत दिल्लीला जातो. वाटेत राणीपेट, वेल्लोर, आंबूर, वाणियंबाडी हा तमिळनाडूचा चामड्याचा पट्टा लागतो, आणि आठशे-नऊशे किलोमीटरवर आपला कोल्हापूरचा. एकाच रस्त्यावर दोन टोकं: इकडे कंटेनरने बूट पाठवणारे कारखाने, तिकडे घरात बसून चप्पल शिवणारा कारागीर. जागतिक जकातीच्या पुस्तकात प्रत्येक वस्तूला सहा आकडी खूण असते. तिथे ६४०३.२० या खुणेखाली लिहिलं आहे: चामड्याचा तळ, आणि वर पावलावरून जाणारे व अंगठ्याभोवती वळणारे चामड्याचे पट्टे असलेलं पादत्राण. नाव कुठेही नाही, पण वर्णन वाचून कोल्हापुरीखेरीज दुसरं काय डोळ्यांपुढे येतं? युरोपात या खुणेचा साधा दर ८ टक्के. कापडी किंवा प्लास्टिकच्या अंगाच्या बुटांना १७ च्या आसपास.

कारागिराने जर्मनीतल्या गिऱ्हाइकाला ४० युरोंचा जोड पाठवला तर ८ टक्क्यांनी ३ युरो २० सेंट होतात. ठोक तीन युरो म्हणजे जवळजवळ तेवढेच. पण त्यानेच सहा युरोंचं चामडी कीचेन पाठवलं तर तेच तीन युरो पन्नास टक्के होतात, आणि १४० युरोंच्या पिशवीवर दोन टक्क्यांच्या आसपास. माल जितका स्वस्त तितका मार मोठा. चिनी स्वस्ताईला आळा घालायला काढलेलं हत्यार म्हणून ते चोख आहे. कीचेन करणाऱ्या कोल्हापूरच्या पोराच्या बाबतीत ते आंधळं आहे. मोठ्यांचं मात्र निराळं. जून २०२५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा या फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल नाव न घेता दाखवली आणि गदारोळ झाला. डिसेंबरात कंपनीने महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला, सुमारे ८०० युरो किमतीचे २,००० जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे. दोन्ही राज्यं यासाठी, की २०१९ साली चपलेला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत. ते दोन हजार जोड एकगठ्ठा जातील, कागद वकील करतील, शुल्क कंपनी भरेल. तीन युरोंची चिंता तिथे कुणालाच नाही.

कारागिराने स्वतःच सुटी विक्री करायची म्हटलं तर शुल्क ही त्यातल्या त्यात हलकी बाब. आयओएसएसमध्ये नाव नोंदवायचं तर युरोपात बसलेला मध्यस्थ नेमावा लागतो, तो वर्षाची फी घेतो. १३ डिसेंबर २०२४ पासून वस्तूंच्या सुरक्षिततेचा नवा कायदा लागू झाला: वस्तूवर युरोपातल्या कुणातरी जबाबदार व्यक्तीचं नाव आणि पत्ता हवा. जर्मनीला माल पाठवायचा तर वेष्टनाच्या कचऱ्यापोटी आणखी वेगळी नोंदणी. म्हणून छोटे विक्रेते एखाद्या मोठ्या बाजारपेठेच्या संकेतस्थळावर दुकान थाटतात, ते संकेतस्थळ व्हॅट कापून घेतं आणि वर आपलं कमिशन. आपल्याकडून मदत झालीच नाही असं नाही. टपालखात्याने २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रं काढली, ती हजाराच्या वर गेली. निर्यातीचा कागद तिथेच संगणकावर भरता येतो, मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या फॉरेन पोस्टात खेटे घालावे लागत नाहीत. पण हा आपल्या दाराचा उंबरठा सोपा झाला. त्यांच्या दाराचा उंबरठा तितकाच उंच आहे.

आणि आता तिसरा माणूस, हाताळणावळवाला. स्वीडनच्या पोस्टाने मार्च २०१८ मध्ये संघाबाहेरून येणाऱ्या छोट्या पुडक्यांवर व्हॅट वसूल करताना नगामागे ७५ क्रोनर घ्यायला सुरुवात केली. चाळीस क्रोनरची वस्तू, २५ टक्क्यांनी कर दहा क्रोनर, आणि तो दहाचा कर गोळा करण्याबद्दल ७५. चीनमधून येणारी पुडकी बघता बघता आटली. कायद्यात कराचा दर एका अंशानेही बदललेला नव्हता. रोमानियाने १ जानेवारी २०२६ पासून दीडशे युरोंच्या आतल्या पुडक्याला २५ लेई, म्हणजे पाचेक युरो, सरकारी आकार लावला. संपूर्ण संघासाठी असाच वेगळा हाताळणी आकार आणायची चर्चा तीन युरोंच्या शुल्काच्या बरोबरीने चालू आहेच. मला विचाराल तर खरी लढाई इथे आहे. टक्क्यांवर तज्ज्ञ वाद घालतात, करार होतात, वर्तमानपत्रं मथळे देतात. नगामागच्या ठोक आकाराला कुणी धनी नसतो. तो कुठल्याशा दरपत्रकाच्या तळाला बारीक अक्षरात असतो आणि सात कोटींच्या कंटेनरला जितका, जवळपास तितकाच सातशे रुपयांच्या खोक्याला.

फराळापुरतं बघायचं तर तीन युरोंच्या नव्या शुल्काची भीती बाळगायचं कारण नाही. घरच्या माणसाने घरच्या माणसाला प्रसंगाने पाठवलेली, पैसे न घेतलेली, स्वतःच्या वापराची भेट ४५ युरोंपर्यंत असेल तर युरोपीय संघात शुल्कही नाही आणि व्हॅटही नाही. मेख आहे ती 'घरच्या माणसाने' या शब्दांत. मिठाईच्या दुकानात पैसे भरून दुकानालाच परस्पर पाठवायला सांगितलं आणि पाठवणारा म्हणून दुकानाचं नाव पडलं, की भेट संपली, विक्री झाली. माझ्या एजंटाने तेच केलं. त्याला फारसा दोष देता येत नाही, त्याला रोज व्यापारी मालच पाठवायचा असतो. आणि खरं सांगायचं तर माझं नाव असतं तरी मी अडकलो असतोच. युरो तेव्हा शंभराच्या वर होता, ४,८०० रुपये म्हणजे सेहेचाळीस-सत्तेचाळीस युरो. एक निरांजन काढून ठेवलं असतं तर भागलं असतं. ४५ च्या वर आणि ७०० च्या आत जर्मनीत भेटवस्तूंना सरसकट १५ किंवा १७.५ टक्के लावतात.

किंमत बसली तरी पदार्थ बसला पाहिजे. संघाबाहेरून खासगी पुडक्यात दूध आणि मांस यांचे पदार्थ पाठवायला बंदी आहे, जनावरांचे रोग येऊ नयेत म्हणून. तान्ह्या बाळाच्या दुधाची भुकटी वगैरे मोजके अपवाद. म्हणजे साजूक तुपाचा डबा नाही, पेढे नाहीत, कंदी तर नाहीतच. मासे मात्र वीस किलोंपर्यंत चालतात, वाळवलेलेसुद्धा. सदाशिव पेठेतल्या आजीचे पेढे सीमेवर कचऱ्यात आणि मालवणच्या काकूंचे सुके बोंबील सहीसलामत दारात, असा हा न्याय आहे. (वासाबद्दल कायदा गप्प आहे. शेजारी गप्प राहतील का, हा प्रश्न पाठवणाऱ्याने आपला आपण सोडवावा.) मध दोन किलोंपर्यंत. ताजी फळं, भाज्या, कढीपत्त्याची डहाळी यांना डिसेंबर २०१९ पासून वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन ही पाच तेवढी सुटली आहेत. नारळ जातो, आंबा जात नाही. आंब्याची आठवण कोकणाला चांगलीच आहे: फळमाशी सापडली म्हणून १ मे २०१४ पासून युरोपने हापूससकट भारतीय आंबा आणि कारलं, पडवळ, वांगं, अळू बंद केलं होतं. आंब्यावरची बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. ऐन हंगाम बुडाला तो बुडालाच.

संघाच्या बाहेरचा युरोप पुन्हा वेगळा. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, पण आता ब्रिटनचा हिशेब पौंडात आणि स्वतंत्र: भेटवस्तू ३९ पौंडांपर्यंत मोकळी, सीमाशुल्काची माफी १३५ पौंडांपर्यंत, आणि तीही मार्च २०२९ पर्यंत काढून टाकायचं तिथल्या सरकारने जाहीर केलंय. स्वित्झर्लंडमध्ये भेट शंभर फ्रँकांपर्यंत, करच पाच फ्रँकांच्या आत असेल तर घेत नाहीत, आणि औद्योगिक मालावरचं सीमाशुल्क त्यांनी १ जानेवारी २०२४ पासून पुरतंच काढून टाकलं. अमेरिकेचं ज्यांना बघायचं असेल त्यांनी ऑगस्ट २०२५ आठवावा. ८०० डॉलरांची माफी एका फटक्यात गेली, कर कोण कसा गोळा करणार हे कुणालाच कळेना, आणि भारतीय टपालखात्याने २५ ऑगस्टपासून तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. १५ ऑक्टोबरला सुरू झालं, दिवाळीला पाच दिवस असताना. त्या मानाने युरोप सहा महिने आधी सांगून बदल करतो, हे सौजन्य मानायला हवं.

२७ जानेवारी २०२६ रोजी दिल्लीत भारत आणि युरोपीय संघ यांच्या मुक्त व्यापार कराराची बोलणी पूर्ण झाल्याची घोषणा झाली. तो मंजूर होऊन लागू झाला की चामडं आणि पादत्राणांवरचं, १७ टक्क्यांपर्यंतचं, शुल्क शून्यावर यायचं आहे. इथल्या वसाहतीत त्याचा आनंद आहे आणि तो रास्त आहे. पाच हजार जोडांच्या कंटेनरवर सतरा टक्के वाचणं म्हणजे व्हिएतनामशी बरोबरीने बोलता येणं. मात्र माल भारतातच बनल्याचा पुरावा कागदावर मांडता येईल त्यालाच ही सवलत. तो कागद कारखान्यात एक्स्पोर्ट विभाग करतो. कोल्हापूरच्या गल्लीत तो कोण करणार, याचं उत्तर करारात मला तरी सापडलं नाही.

यंदा आम्ही पोस्टाने पाठवणार आहोत. खोकं छोटं, ३० बाय २५ बाय २०. कुरिअरच्या गणितानेसुद्धा तीन किलोच भरतं. चिवडा वगळावा असं मी सुचवलं होतं. "चिवडा नाही तर फराळ कसला?" या एका वाक्यात तो परत आला, फक्त दाबून भरायचा ठरला. निरांजन एकच. पाठवणारा मी, माझ्या नावाने, माझ्या आधारकार्डासह. अडलंय ते वर्णनावर. मार्च २०२३ पासून युरोपकडे जाणाऱ्या प्रत्येक पुडक्याची माहिती ते विमानात चढायच्या आधी तिकडच्या संगणकात जावी लागते आणि 'गिफ्ट', 'घरगुती सामान', 'खाऊ' असले शब्द तो संगणक परत पाठवतो. प्रत्येक पदार्थ काय आहे, कशाचा आहे, ते साध्या शब्दांत लिहायचं आणि शेजारी सहा आकडी खूण. श्रीपेरुंबुदूरच्या खिडकीवरच्या बाई मदत करतात. मुरुक्कू त्यांना घरचंच असल्यामुळे चकली पटकन सुटली: तांदळाच्या पिठाचा तळलेला पदार्थ. शंकरपाळे म्हणजे गोड बिस्किट, त्यावर त्यांनी मान डोलावली. चिवड्याला पोह्यांचा म्हटलं, "अवल मिक्स्चर," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पेन उचलून विचारलं, चौथं काय? अनारसे. गूळ, तांदूळ, खसखस, तुपात तळलेले, जाळीदार. तूप हा शब्द लिहायचा की नाही, यावरच घरी दोन दिवस बोलणं चाललंय.